मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिनच्या कॅप्सूल: किती दिवस घ्यायच्या आणि बंद कधी करायच्या?

प्रश्न : वर्धाकाठ

नमस्कार. मी आर्वी तालुक्यातील एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझी मुलगी 18 वर्षांची असून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकते. दहावीपासून तिच्या कपाळावर आणि गालांवर मुरूम येत होते. गेल्या दिवाळीनंतर मात्र ते हनुवटी, मान आणि पाठीपर्यंत पसरले, त्यांतले काही आतून गाठीसारखे दुखू लागले आणि उजव्या गालावर खड्डेही राहिले. त्याआधी मेडिकलवरून आणलेली एक गोरेपणाची क्रीम ती लावत असे. क्रीम लावली की चेहरा नितळ दिसायचा आणि लावायची थांबली की लालबुंद होऊन पहिल्यापेक्षा जास्त मुरूम उठायचे.

अखेर तालुक्याला आठवड्यातून एकदा येणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी ती क्रीम बंद करायला लावली, डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅमची रोज एक कॅप्सूल जेवणानंतर घ्यायला आणि बेंझॉईल पेरॉक्साइडचे जेल रात्री लावायला सांगितले, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. अजून महिना पूर्ण झालेला नाही. दुखणाऱ्या गाठी बऱ्याच बसल्या आहेत, पण नवे बारीक मुरूम येतच आहेत.

घरात यावरून रोज चर्चा चालते. सासूबाईंच्या मते इतके दिवस अँटिबायोटिक घेतल्याने अंगात उष्णता वाढते. नणंदबाई म्हणतात, की लग्नाच्या मुलीला असली औषधे देऊ नयेत, पुढे मूल होण्यास अडचण येते. मेडिकलवाल्यांचे म्हणणे वेगळेच आहे : "ताई, ही कॅप्सूल सहा-सहा महिने चालते, संपली की रिकामी स्ट्रिप दाखवा, देऊन टाकतो." डॉक्टरांकडे गर्दी इतकी होती, की हे सगळे विचारायचे राहून गेले. कॅप्सूल किती दिवस घेणे योग्य आहे, मुरूम बसले की लगेच बंद करावी का, आणि दूध, ऊन यांचे काही पथ्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. सध्या हरभऱ्याची सोंगणी सुरू असल्यामुळे सुटीच्या दिवशी तीही वावरात येते.

उत्तर : दारव्ह्याचा औषधनिर्माता

ताई, मी स्वतः मेडिकल चालवतो, म्हणून पहिल्यांदा तुमच्या मेडिकलवाल्यांच्या बोलण्याबद्दल लिहितो. डॉक्सीसायक्लिन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देण्याचे औषध आहे. स्ट्रिपच्या मागे उभी लाल रेघ असते, ती याच कारणासाठी छापलेली असते. रिकामी स्ट्रिप म्हणजे चिठ्ठी नव्हे. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून आमच्यातले अनेक जण ती चिठ्ठी मानून चालतात, हे मला ठाऊक आहे आणि ते मला पटत नाही.

आता कॅप्सूल घ्यायची रीत, कारण ती समजावून सांगायला गर्दीत कोणालाच वेळ नसतो. ही कॅप्सूल घशाखाली अडकली तर अन्ननलिकेला आतून जखम करते आणि मग छातीत अशी जळजळ होते, की माणूस हृदयविकाराच्या भीतीने दवाखाना गाठतो. त्यामुळे दोन घोट पाण्यावर ती गिळू नये. पूर्ण ग्लासभर पाणी प्यावे आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. रात्री झोपताना घेण्याची सवय तर अजिबात लावू नये. सकाळच्या भाजी-भाकरीनंतर घेतली तर मळमळही कमी होते.

दुधाचे पथ्य जुन्या टेट्रासायक्लिनच्या काळापासून लोकांच्या डोक्यात बसले आहे. ते औषध दुधातल्या कॅल्शियमला धरून बसायचे आणि अंगी फारसे लागायचेच नाही. डॉक्सीसायक्लिनचे शोषण दुधाने साधारण एक पंचमांश घटते, म्हणजे घोटभर चहाने काही बिघडत नाही. तरी कॅप्सूल दुधासोबत गिळू नये. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि पित्तावर घेतात ती पातळ औषधे मात्र खरोखर अडचणीची आहेत. त्यांच्यात आणि या कॅप्सूलमध्ये काही तासांचे अंतर राहिलेच पाहिजे.

आणखी एक सांगतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफस या बारीक किडे चावून होणाऱ्या तापाची साथ आली होती, तेव्हा हीच डॉक्सीसायक्लिन पहिल्या पसंतीचे औषध होती. त्यामुळे आपल्याकडे पुष्कळ घरांत हिचे नाव "तापाची कॅप्सूल" म्हणून माहीत आहे आणि मागे उरलेल्या कॅप्सूल डब्यात जपून ठेवलेल्या असतात. मुरुमांसाठी त्या काढून देऊ नका. टेट्रासायक्लिनच्या घराण्यातली मुदत संपलेली औषधे मूत्रपिंडाला अपाय करू शकतात.

उत्तर : पराटी

उन्हाबद्दल मी अनुभवाने सांगू शकते. मागच्या हंगामात मला हीच कॅप्सूल चालू असताना कापूस वेचणी सुरू होती. वेचणी थंडीत असते, ऊन काही वैशाखाचे नसते, त्यामुळे कोणाच्या मनातही काही आले नाही. पण हातांच्या मागच्या बाजूला, नाकाच्या शेंड्यावर आणि जेथे पदर सरकतो तेथे मानेवर कातडी भाजल्यासारखी लाल झाली. हाताला पाणी लागले तरी आग व्हायची, आणि बोटांची नखे टोकाकडून किंचित सुटल्यासारखी दिसू लागली. ज्या दवाखान्यातून औषध घेतले होते तेथे उन्हाचा उल्लेखही झाला नव्हता. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले, की हे औषध अंगात असताना त्वचा उन्हाला जास्त हुळहुळी होते. कॅप्सूल बंद केल्यावर सगळे भरून आले.

मुलीला वावरात न्यायचेच असेल तर पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, हातमोजे आणि तोंडाला नीट बांधलेला दुपट्टा एवढे तरी असू द्या. हरभऱ्याच्या आंबेने (पानांवरच्या आंबट ओलाव्याने) तशीही कातडी चुरचुरते, त्यात रात्री लावलेल्या जेलने चेहरा कोरडा पडलेला असतो. माझे मत विचाराल तर या दिवसांत तिला सोंगणीला नेऊच नका.

उत्तर : निंबोळी

मला या सगळ्या चर्चेचेच नवल वाटते. मुरूम हा वयाचा भाग आहे. पोट साफ नसणे, जागरण, तेलकट आणि मसालेदार खाणे ही त्याची खरी कारणे आहेत. आपल्या आज्या कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने तोंड धुवायच्या, बेसन-हळद लावायच्या, आणि त्यांचे चेहरे स्वच्छ होते. साध्या मुरुमांसाठी महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देणे म्हणजे उंदरासाठी घराला आग लावण्यासारखे आहे. उद्या न्यूमोनिया किंवा स्क्रब टायफस झाला तर कोणते औषध लागू पडणार? माझा सल्ला, कॅप्सूल आजच बंद करा.

उत्तर : वऱ्हाडी त्वचातज्ज्ञ

मी त्वचारोग विषयात एम.डी. असून तालुक्याच्या ठिकाणी व्यवसाय करतो. मुलीला न तपासता उपचार बदलण्याचा सल्ला मी देणार नाही. पण आपल्या डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी मला रास्त वाटते, आणि ती रास्त का आहे हे सविस्तर सांगावेसे वाटते.

मुरूम होण्यात चार गोष्टी एकत्र येतात : संप्रेरकांमुळे तेलग्रंथी जास्त तेल बनवतात, केसाच्या मुळाचे तोंड मृत पेशींनी बुजते, त्या बुजलेल्या तेलात क्यूटिबॅक्टेरियम अॅक्नेस नावाचे, एरवी प्रत्येकाच्या त्वचेवर राहणारे जिवाणू वाढतात, आणि शरीर त्यावर दाह निर्माण करते. डॉक्सीसायक्लिन यांतल्या शेवटच्या दोन गोष्टींवर काम करते. ती जिवाणूंची वाढ रोखते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दाह शमवते. तेल कमी करणे किंवा बुजलेले छिद्र उघडणे तिच्याने होत नाही. म्हणूनच दुखणाऱ्या गाठी आधी बसल्या आणि बारीक मुरूम अजून येत आहेत, हे आपले निरीक्षण औषधाच्या स्वभावाला धरूनच आहे. पूर्ण परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे महिन्याच्या आत निकाल लावू नये.

आता मुदतीबद्दल. तोंडाने घेण्याची अँटिबायोटिक मुरुमांसाठी साधारणपणे तीन, फार तर चार महिने द्यावीत, एकटी कधी देऊ नयेत, आणि सोबत बेंझॉईल पेरॉक्साइड असावेच, असे आज त्वचारोगशास्त्रात सर्वसाधारणपणे मान्य आहे. बेंझॉईल पेरॉक्साइड जिवाणूंना ऑक्सिजनच्या माऱ्याने मारते, आणि त्याला प्रतिकार निर्माण झाल्याचे आजवर आढळलेले नाही. कॅप्सूलच्या तावडीतून सुटलेले जिवाणू हे जेल मारते, म्हणून कॅप्सूल नियमाने घेऊन जेल मात्र आठवण झाली तर लावायचे, असे करणाऱ्यांचा उपचार अर्धाच होतो. अनेक मुली जेल सोडतात त्याचे कारण चेहरा कोरडा पडून सोलवटतो हे असते. अशा वेळी 2.5 टक्क्यांचे सौम्य जेल मागावे, ते अधिक टक्क्यांच्या जेलइतकेच काम करते आणि आग कमी करते. सुरुवातीला एक रात्र आड लावले तरी चालते. हे जेल कपड्याचा रंग उडवते, तेव्हा उशीला जुनी पांढरी खोळ घालावी, नाहीतर घरच्यांना वाटते की मुलीच्या चेहऱ्यावर काही जहाल रसायन लावले आहे.

मुरूम बसले की कॅप्सूल लगेच सोडावी का, असे आपण विचारले आहे. मनाने सोडू नये आणि मनाने वाढवूही नये. सहा आठवड्यांच्या भेटीत डॉक्टर बहुधा आणखी तेवढाच काळ ती चालू ठेवतील आणि बेंझॉईल पेरॉक्साइडसोबत अॅडापॅलिनसारखे, बुजलेली छिद्रे मोकळी करणारे मलम जोडतील. कॅप्सूल बंद झाल्यावर मुरूम परत येऊ नयेत याची जबाबदारी याच मलमांवर असते आणि ती पुढे बरेच महिने लावावी लागतात. कॅप्सूल संपली, चेहरा स्वच्छ झाला, आता मलम कशाला, या हिशेबाने जे थांबतात त्यांचे मुरूम परत येतात आणि मग मेडिकलवरून पुन्हा त्याच कॅप्सूल आणल्या जातात. सहा-सहा महिने चालणारी कॅप्सूल अशीच तयार होते. तीन-चार महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही, तर तीच कॅप्सूल लांबवण्याऐवजी उपचार बदलायचा असतो. खड्डे पडत असतील तर आयसोट्रेटिनॉइनचा विचार होतो. ते अँटिबायोटिक नाही, तेलग्रंथीच आक्रसून टाकते. मात्र ते आणि डॉक्सीसायक्लिन एकाच वेळी कधीही घ्यायचे नसते, कारण दोन्हींमुळे कवटीच्या आतला दाब वाढू शकतो. नुसत्या डॉक्सीसायक्लिनवर असतानाही सतत डोके दुखून दृष्टी धूसर झाली, तर कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. योनिमार्गात खाज आणि पांढरे पाणी जाऊ लागले, तर ती बुरशी असू शकते. लाजून गप्प न बसता ते सांगावे, त्यावर सोपा उपचार आहे.

नणंदबाईंच्या शंकेबद्दल. डॉक्सीसायक्लिनमुळे पुढे मूल होण्यास अडचण येते, याला आधार नाही. या औषधाची खरी मनाई गरोदरपणात आणि आठ वर्षांखालील मुलांना आहे, कारण ते वाढत्या दातांत आणि हाडांत जाऊन बसते आणि दात कायमचे पिवळट-तपकिरी करते. आयसोट्रेटिनॉइनची गोष्ट याहून गंभीर आहे. ते घेत असताना गर्भ राहिला तर बाळात मोठी व्यंगे होतात, म्हणून औषध संपल्यावरही एक महिना गर्भ राहणार नाही याची काळजी घ्यावी लागते. नणंदबाईंनी बहुधा त्या औषधाबद्दल ऐकलेले असावे आणि ते सगळ्याच मुरुमांच्या गोळ्यांना लागू केले असावे. मुलीचे लग्न उपचाराच्या काळातच ठरत असेल तर डॉक्टरांना तसे मोकळेपणाने सांगा. त्यात संकोचण्यासारखे काही नाही, औषध निवडताना त्याचा उपयोगच होतो.

निंबोळी यांच्या अर्ध्या म्हणण्याशी मी सहमत आहे. अँटिबायोटिकचा अतिरेक होतो आहे हे खरे, आणि चार-दोन बारीक पुटकुळ्यांसाठी कोणी कॅप्सूल लिहून दिली असती तर मीही हरकत घेतली असती. लांबलेल्या अँटिबायोटिकमुळे मुरुमांच्या जिवाणूंमध्ये प्रतिकार वाढतो, तसा तो त्वचेवरच्या आणि आतड्यातल्या इतर जिवाणूंमध्येही वाढतो, आणि असे प्रतिकारक जिवाणू घरातल्या इतरांच्या त्वचेवरही सापडले आहेत. मात्र स्क्रब टायफसचे जंतू तो पसरवणाऱ्या किड्यांकडून माणसात येतात, मुरुमांच्या रुग्णाने घेतलेल्या कॅप्सूलने ते निर्ढावत नाहीत, एवढे अचूक राहूया. पण आतून दुखणाऱ्या गाठी आणि पडू लागलेले खड्डे यांवर कडुनिंबाचे पाणी चालत नाही. खड्डा एकदा पडला की तो जन्मभर राहतो, म्हणून येथे वेळेला किंमत आहे. मसालेदार खाण्याचा मुरुमांशी संबंध सिद्ध झालेला नाही. पाव, बिस्किटे, शीतपेये असे रक्तातली साखर झटकन वाढवणारे खाणे काही जणांत मुरूम वाढवते, असे मात्र दिसते. ज्वारीच्या भाकरीला घाबरण्याचे कारण नाही. सासूबाईंना जी उष्णता वाटते ती बहुधा कॅप्सूलने होणारी पोटातली जळजळ असावी. ती जेवणानंतर आणि भरपूर पाण्यासोबत घेतल्याने कमी होते.

शेवटी त्या गोरेपणाच्या क्रीमबद्दल, कारण मूळ दुखणे कदाचित तेथेच आहे. लावल्यावर नितळ आणि सोडल्यावर लालबुंद, ही स्टिरॉइडची खूण आहे. 2018 साली केंद्र सरकारने बेटामेथासोनसह 14 स्टिरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी गावोगावी ती विकली जातात. स्टिरॉइडने मुरूम उठतात, त्वचा पातळ होते, हनुवटीवर लव वाढते. क्रीम सोडल्यावरचा भडका शांत व्हायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. म्हणून नव्या मुरुमांचा दोष लगेच कॅप्सूलला देऊ नका, आणि तो भडका पाहून ती क्रीम पुन्हा हातात घेऊ देऊ नका.

उत्तर : जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक

डॉक्टरांनी लिहिले त्यात एक भर घालतो. माझ्या शाळेच्या दहावीतील मुली एकीची चिठ्ठी पाहून चौघी मिळून औषध आणतात, आणि वसतिगृहात तर एका स्ट्रिपमधल्या कॅप्सूल वाटून घेतल्या जातात. कोणी दोन दिवस घेते, कोणी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घेते. आपली मुलगी कॉलेजात मैत्रिणींसोबत असते, तेव्हा तिला हे एकदा स्पष्ट सांगून ठेवावे. आर्वीहून सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय फार दूर नाही. दोन्ही ठिकाणी त्वचारोग विभाग आहे आणि तेथे निवांत विचारता येते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : वर्धाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. औषधनिर्मात्यांनी लोहाच्या गोळ्यांबद्दल लिहिले ते वाचून दचकले, कारण हिमोग्लोबिन कमी निघाल्यामुळे तिला आरोग्य केंद्रातून लोहाची गोळी रोज सुरू आहे आणि विसरू नये म्हणून ती दोन्ही औषधे दुपारच्या जेवणानंतर एकत्रच घेते आहे. लोहाची गोळी बंद करावी का? दुसरे असे, की तिची पाळी दोन-दोन महिने येत नाही. याचा मुरुमांशी काही संबंध असू शकतो का? डॉक्टरांना हे सांगितलेले नाही.

उत्तर : वऱ्हाडी त्वचातज्ज्ञ

लोहाची गोळी बंद करू नका, हिमोग्लोबिन वाढणे जास्त गरजेचे आहे. कॅप्सूल सकाळच्या न्याहारीनंतर आणि लोहाची गोळी रात्री, असे अंतर ठेवा. लोह या औषधाला आतड्यात धरून ठेवते, आणि शोषले गेलेले औषधही पित्तावाटे पुन्हा आतड्यात येत असल्यामुळे थोडा परिणाम उरतोच. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना ही गोळी दाखवा. आतापर्यंत फरक कमी पडला असेल, तर दोन्ही औषधे एकत्र घेणे हेही त्याचे एक कारण असू शकते, आणि हे कळले नाही तर डॉक्टर औषध लागू पडत नाही असे समजून ते बदलतील.

पाळीचा संबंध असू शकतो. अनियमित पाळी, हनुवटीवर आणि जबड्याच्या रेषेवर मुरूम, आणि सोबत ओठावर किंवा हनुवटीवर जाड केस असतील, तर पीसीओएसची (संप्रेरकांच्या बिघाडामुळे पाळी अनियमित होण्याच्या विकाराची) तपासणी करावी लागते. मात्र आपल्या मुलीच्या बाबतीत लव स्टिरॉइडच्या क्रीमनेही वाढलेली असू शकते, त्यामुळे नुसते पाहून कोणी निदान करू नये. पीसीओएस निघाला तर कॅप्सूलचा उपयोग तात्पुरताच राहतो आणि पुढचा उपचार संप्रेरकांच्या अंगाने, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने होतो. सहा आठवडे पूर्ण होण्याची वाट न पाहता याच आठवड्यात दाखवा. जाताना मागच्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा कागदावर लिहून न्या, त्या क्रीमची ट्यूब अजून घरात असेल तर तीही सोबत न्या.